गाडीवरचा भपका: नाशकातली बेचव मॉडिफिकेशन आणि त्यांमुळे गाडीत होणारी गडबड

गोदाकाठ_गॅरेज

मंडळी, कॉलेज रोडला संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की सगळा शृंगार बघून होतो. बोनेटवर भोक नसलेला स्कूप, साध्या पेट्रोल इंजिनच्या डिकीवर 'टर्बो'ची अक्षरं, आणि मागच्या ड्रम ब्रेकवर चिकटवलेली खोटी डिस्क. हसू या, पण का हसतोय ते नीट सांगून. गाडीवर हसायचं, मालकावर नाही. नंबर आणि फोटो नकोत. ज्याला ज्यातलं कळतं त्याने ती एक वस्तू घ्यावी. मुळात ती कशासाठी बनली, आपल्याकडे कशी बसवतात, काय बिघडतं आणि काढायची कशी, एवढं लिहावं.

माझं माप सोपं आहे. ज्या वस्तूचं दुसरं टोक गाडीच्या आत कशालाच जोडलेलं नाही, ती हसण्याजोगी.

सुरुवात खोट्या डिस्कपासून करतो. छिद्रं आणि खाचा पाडलेली ॲल्युमिनियमची पातळ चकती असते. ड्रम आणि चाक यांच्यामध्ये ती घालून वरून नट आवळतात आणि बाजूला लाल प्लॅस्टिकचा कॅलिपर सिलिकॉनने चिकटवतात. अलॉयच्या फटीतून दिसतं भारी, पण चाक ज्या सपाट तोंडावर बसायला हवं तिथे आता मऊ धातूचा थर आला. तापून-निवून तो दबतो, म्हणजे नटांची आवळ सैल होते. शिवाय ड्रम आपली उष्णता बाहेरच्या अंगाने हवेत सोडतो. तेच अंग झाकलं तर कसारा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट उतरताना ड्रम जास्त तापतो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

काढताना चाक उतरवा, चकती काढा, ड्रमचं आणि चाकाचं टेकणारं तोंड तारेच्या ब्रशने साफ करा. त्या तोंडावर ग्रीस लावू नका. नट समोरासमोर, आलटून-पालटून आवळा आणि शेवटची आवळ टॉर्क पान्यानेच द्या. साधारण ५० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

सातपूर_फिटर

काका, मी स्नॉर्कल घेतो. थार आपल्याच शहरात बनते, त्यामुळे थारवरचं खोटं स्नॉर्कल बघून जरा जास्तच वाईट वाटतं.

खरं स्नॉर्कल म्हणजे इंजिनाची श्वासाची नळी. फेंडरला भोक पाडून ती एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाला जोडायची, प्रत्येक सांध्याला क्लॅम्प आणि सीलंट लावायचं आणि जुनं तोंड पूर्ण बंद करायचं. बाजारात मिळणारं दिखाऊ स्नॉर्कल फेंडरवर चार स्क्रू आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर उभं असतं. आतून बंद. काहींच्या तर वरच्या जाळीमागेच प्लॅस्टिकची भिंत असते.

ओळखायचं कसं? बोनेट उघडा आणि फिल्टरच्या डब्याकडे जाणारा पाइप कुठून येतो ते हाताने चाचपा. मग इंजिन चालू करून स्नॉर्कलच्या तोंडावर तळहात ठेवा आणि जोडीदाराला थोडी रेस द्यायला सांगा. खऱ्यात ओढ जाणवते, सांधे पक्के असतील तर इंजिनचा आवाजही बदलतो. खोट्यात काहीच होत नाही.

धोका असा की मालकाला वाटतं गाडी पाण्यात जाऊ शकते. थारची पाण्यातून जाण्याची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, आणि खोट्या नळीने त्यात एका मिलिमीटरचीही भर पडत नाही. इगतपुरी-भावली भागात पावसाळ्यात रस्त्यावरच्या फरशी पुलांवरून पाणी वाहतं. तिथे डिझेल इंजिनाने पाणी ओढलं की सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पूर्ण खोलावं लागतं.

आणि खरं स्नॉर्कल बसवलं तरी काम अर्धंच झालं. डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदर नळ्या, म्हणजे त्यांची हवा आत-बाहेर करणाऱ्या नळ्या, वर चढवाव्या लागतात. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. पुढच्या सर्व्हिसला तेल दुधाळ निघालं तर हेच झालेलं असतं. ही नळ्यांची कामं बाहेरून दिसत नाहीत, म्हणून दिखाऊ गाड्यांवर ती कधीच केलेली नसतात.

फेंडरला पाडलेल्या भोकाची कड उघडी सोडू नका. कानस मारून झिंकवाला प्रायमर, त्यावर रंग, मगच रबरी ग्रोमेट. नाहीतर दोन पावसाळ्यांत पत्रा फुगतो.

सिडकोकर_थार

सातपूर_फिटर दादा, तळहाताची चाचणी केली. ओढ नाही. आता ते काढलं तर स्क्रूच्या भोकांचं काय करू? आणि छतावर बावीस इंची एलईडी बार लावायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा.

पत्र्याचा_माणूस

भोकांचं मी सांगतो. स्क्रूच्या टोकाएवढं म्हणजे चार-पाच मिलिमीटरचं भोक असेल तर वेल्डिंगच्या मागे लागू नका, फेंडरचा पातळ पत्रा उष्णतेने आंबतो. आधी कडेचा गंज खरवडून काढा, रस्ट कन्व्हर्टर लावा, सुकू द्या. मागून पत्र्याचा छोटा तुकडा इपॉक्सीने चिकटवा, वरून पुट्टीचा पातळ थर, प्रायमर, रंग. नुसत्या पुट्टीने भोक बुजवून घेऊ नका. मागे आधार नसला तर ती कंपनाने सुटते आणि आत पाणी धरते. फेंडर बोल्टवर असतो, त्यामुळे भोकं जास्त असतील तर नवा फेंडर टाकून रंगवणं जास्त टिकाऊ पडतं.

रात्रपाळी_अंबड

लायटीचं मी लिहितो. हसण्यापेक्षा चीड आणणारा विषय आहे, कारण बाकीच्या भपक्याने मालकाचंच नुकसान होतं, लायटीने समोरच्याचं.

द्राक्षांच्या दिवसांत निफाड-पिंपळगाव रस्त्यावर रात्री ट्रॅक्टर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाइट नसते. समोरून निळसर झगमग्या लायटीची गाडी आली की डोळे दिपतात आणि नेमकी तेवढा वेळ आपल्या पुढची ट्रॉली दिसत नाही. कांद्याच्या हंगामात लासलगावकडे हीच गत.

आता कारण बघा. हेडलाइटच्या एच४ बल्बमध्ये दोन तारा असतात, एक लांबच्या उजेडाची, एक डिपरची (लो बीमची). डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, त्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर जातो. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. तिथे एचआयडी (तारेऐवजी वायूत ठिणगी पाडून उजळणारा दिवा) किंवा स्वस्त एलईडी घातला की प्रकाश निघण्याची जागा एक-दोन मिलिमीटर सरकते, कटऑफची रेघ, म्हणजे उजेड वरच्या बाजूला जिथे संपतो ती, विस्कटते आणि उजेड समोरच्याच्या काचेवर जातो. मालकाला वाटतं उजेड वाढला. वाढलेला असतो तो गाडीच्या नाकासमोर, जवळच्या डांबरावर. लांबचं उलट कमी दिसतं, कारण जवळच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली आकसते. आठ हजार केल्विनचा निळा रंग तर कसाऱ्याच्या धुक्यात नुसती पांढरी भिंत उभी करतो.

दुसरा प्रकार १००/९० वॅटचे बल्ब, पहिला आकडा हाय बीमचा, दुसरा डिपरचा. एच४चा मंजूर दर्जा ६०/५५ वॅट. डिपरला ५५ वॅटचा बल्ब साधारण ४.६ अँपिअर ओढतो, ९० वॅटचा ७.५. करंट दीडपटीच्या वर गेला, पण वायर तापते करंटच्या वर्गाने, म्हणजे अडीच पटींहून जास्त. आधी होल्डर तपकिरी होतो, मग टर्मिनल सैल पडतं, सैल टर्मिनल अजून तापतं, शेवटी होल्डर वितळून बल्बला चिकटतो. प्लॅस्टिकच्या रिफ्लेक्टरचा मुलामा जळून काळा पडतो तो वेगळाच.

उजेड खरंच कमी वाटत असेल तर आधी मीटर घ्या. इंजिन चालू, डिपर चालू, होल्डरच्या दोन टर्मिनलमध्ये व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि होल्डरवर १२.५ मिळत असेल तर दीड व्होल्ट वाटेत जातोय. अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग-गंज घासा, तरीही फरक नसेल तर रिलेवाली वायरिंग टाका. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, सिरॅमिक होल्डर आणि बल्ब ६०/५५चाच. एवढ्याने फरक डोळ्यांना दिसतो.

पिवळी पडलेली काच हे दुसरं कारण. ८००चा पॉलिश पेपर, मग १५००, २०००, ३०००, सगळे पाण्यासह, मग कंपाउंड. यानंतर यूव्ही क्लिअर कोट हवाच. तो न मारता नुसतं घासून दिलं तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी, कारण कंपनीचा मूळ थर आपण घासून काढलेला असतो. टूथपेस्टच्या व्हिडिओंना भुलू नका.

शेवटी एम, म्हणजे लायटीचा झोत नेमका कुठे पडतो ते लावणं. सपाट जागा, टायरात योग्य हवा, चालकाच्या सीटवर माणूस. भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा. लायटीच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणेने घ्या. डिपरची रेघ त्या खुणेच्या साधारण साडेसात सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दहा मीटरला दहा सेंटिमीटर, हा हिशोब लक्षात ठेवा.

सिडकोकर भाऊ, एलईडी बार सार्वजनिक रस्त्यावर लावूच नका. छतावरचा बार बोनेटवर उजेड मारतो, तो परत आपल्याच डोळ्यांत येतो. आडरानात हवाच असेल तर बंपरच्या उंचीवर बसवा आणि रस्त्यावर त्याला झाकण घाला. १२० वॅटचा बार दहा अँपिअर घेतो. १५ अँपिअरचा फ्यूज, ३० अँपिअरचा चार पिनी रिले, ३० नंबरला बॅटरी, ८७ला बार, ८६ला स्विच, ८५ला अर्थ. पार्किंग लाइटची वायर सोलून त्यावर बार जोडणारे वायरमन आहेत, त्यांना हात लावू देऊ नका.

शॉकअप_नाशिकरोड

आता गाडी बसवणारे आणि उचलणारे. दोन्हीकडे सारखाच गोंधळ.

खाली बसवायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून कॉइल स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापतात. स्प्रिंगचा कडकपणा कामात येणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग वीस टक्के कडक झाली. कडक झाली आणि तिला दबायला जागाही कमी उरली. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा, त्यामुळे गाडी उसळत राहते. पिस्टन रॉड कायम आत घुसलेला असतो, स्पीडब्रेकरवर बंप स्टॉपवर आदळतो, आणि मग सील जाऊन तेल गळायला लागतं. मूळ स्प्रिंगचं टोक बैठकीत बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं टोक तिथे नीट टेकत नाही. गाडी जॅकवर उचलली की अशी स्प्रिंग हाताने फिरते. ती जागेवरून निसटली तर वळणावर चाक मडगार्डला घासतं.

काही जण गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवतात. ते कापण्याहून वाईट. पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा टणकपणा, तिथे उतरतं, आज एक इंच बसलेली गाडी पुढे आपोआप अजून बसते आणि तापवलेल्या जागीच स्प्रिंग तुटते.

उचलणारे वेढ्यांमध्ये रबरी बफर घालतात. मागे कायम माल असलेल्या गाडीत एक वेळ ठीक, पण रिकाम्या गाडीत, तेही चारही चाकांना? ज्या वेढ्यात बफर तो वेढा काम करत नाही, शेजारच्या वेढ्यावर ताण वाढतो आणि स्प्रिंग तिथे तडकते. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत स्ट्रटवर जाड स्पेसर घातला तर ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो. शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा, सीव्ही जॉइंटचा, रबरी बूट घडीवर फाटतो, ग्रीस उडून जातं, धूळ शिरते. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कटकट आवाज आला की जॉइंट गेला समजा.

खाली किंवा वर काहीही केलं असेल तर अलाइनमेंट आणि लायटीचा एम पुन्हा करावाच लागतो. टायरची आतली कड झपाट्याने झिजत असेल तर कँबर-टोचा (चाकाच्या कलाचा आणि दिशेचा) कागद मागून घ्या, नुसतं 'केलं' ऐकून येऊ नका. आणि मूळ स्प्रिंग परत टाकताना जोडीनेच टाका. एक नवी, एक कापलेली असं केलं तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

चाकोरी

चाकांवर बोलायलाच हवं. समजा मूळ टायर १८५/६५ आर१५ आहे. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूंची भिंत, १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर, दोनदा. एकूण सुमारे ६२१. आता १७ इंची रिमवर २०५/४५ घेतला तर ६१६ येतो, म्हणजे एक टक्क्याच्या आत. हिशोब जमला. पण दुकानात शिल्लक म्हणून २०५/५५ आर१७ माथी मारला तर ६५७. जवळपास सहा टक्के मोठा. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४-८५ला असते, पिकअप मरतो आणि खड्ड्यात टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो. तीन टक्क्यांच्या बाहेर जाऊच नका.

जमलेल्या हिशोबातही एक खोच आहे. टायरची भिंत १२० वरून ९२ मिलिमीटरवर आली. पावसाळ्यात मुंबई महामार्गावर पाण्याखालचा खड्डा लागला की टायर चिमटला जातो, भिंतीवर फुगा येतो, रिमची आतली कड वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचा. आणि लोड इंडेक्स बघा. मूळ ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. २०५/४५ आर१७ साधा घेतला तर बऱ्याचदा ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. एक्सएल (जास्त वजन पेलणारा) लिहिलेला ८८चाच घ्या आणि त्यात हवा थोडी जास्त ठेवा. पाच माणसं, सामान आणि समृद्धीवर १२०चा वेग, अशा वेळी हा ६० किलोंचा फरक टायरच्या तापमानात दिसतो.

रिमबद्दल. बऱ्याच मारुती हॅचबॅकना चार नट, पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) १०० मिलिमीटर, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक सर्रास ६७.१ किंवा ७३.१ असतं, कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायची असते. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती नसली की चाक फक्त नटांवर मध्यात येतं, थोडं इकडेतिकडे बसतं आणि ८०-९०च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग करत फिरतात. रिंग स्वस्त असते, मागून घ्या. आठ भोकांची रिम घेतलीत तर दोन भोकांमधली धातूची भिंत किती उरली ते बघा.

चाक बाहेर काढून दाखवायला स्पेसर घालतात. स्टड तेवढाच राहतो, स्पेसरने त्याची लांबी खाल्ली. एम१२ × १.२५च्या स्टडला नटाचे किमान आठ पूर्ण वेढे बसले पाहिजेत. मोजा, हाताने फिरवत मोजा. कमी भरले तर ते चाक रस्त्यावर नेऊ नका. शिवाय ईटी (रिम हबवर किती आत बसते तो मिलिमीटरमधला आकडा) ४५ची रिम काढून २५ची बसवली की चाक वीस मिलिमीटर बाहेर आलं, बेअरिंगवर तरफ वाढली, आणि चाकाने उडवलेला चिखल दाराच्या हँडलपर्यंत जातो.

मायको_सर्कल

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. नाशकात बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात, त्यातल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. त्याच इंजेक्टरवर स्वस्तातली 'पॉवर बॉक्स' डबी लावणं म्हणजे सेन्सरला खोटं बोलायला लावणं. डबी रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा, आकडा कमी करून ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दाखवते, ईसीयू दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. हवा तेवढीच. उरलेलं डिझेल काळा धूर होऊन मागे जातं. बीएस६ गाडीत हा धूर डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठतो, हा फिल्टर वारंवार स्वतःला जाळून साफ करतो, त्यात इंधन जातं आणि काही गाड्यांत ते इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं की आनंद मानू नका. गाडी गॅरेजला न्या.

कडक_पण_शांत

आवाजाचे प्रकार! साध्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या टोकात 'टर्बो शिट्टी' बसवतात. ॲल्युमिनियमची पुंगळी, तिला एक चीर, एका स्क्रूने आत अडकवलेली. धूर चिरेतून गेला की शिट्टी वाजते. टर्बो नाही, इंटरकूलर नाही, फक्त शिट्टी. लहान मुलांच्या सायकलला लावतात त्या खेळण्यापेक्षा यात तांत्रिक काहीच जास्त नाही. स्क्रू सैल झाला की ती सायलेन्सरमध्ये आत सरकते आणि खडखडते. काढायला टोकाकडून स्क्रू सैल करा आणि वाकड्या तारेने बाहेर ओढा. आत गेली असेल तर मागचा डबा उतरवून उलटा करावा लागतो.

मागचा डबाच कापून सरळ पाइप टाकणाऱ्यांचं गणितही कच्चं असतं. लहान इंजिनला ताकद काही वाढत नाही, दोन-अडीच हजार आरपीएमला आत असा घुमारा येतो की मागे बसलेल्यांचं डोकं दुखतं. आणि कापाकापीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठे वेल्ड गळका राहिला तर तिथून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो. मायलेज पडलं की लोक प्लग बदलतात. आधी सांध्यावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा, इंजिन थंड असताना.

सूर काढणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९प्रमाणे बंद आहे. दवाखान्यांच्या रस्त्यावरून तो वाजवत जाणाऱ्यांना काय म्हणावं!

कागदपत्र_काका

कायद्याचं एकदा सरळ लिहून ठेवतो, म्हणजे वारंवार विचारावं लागणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीने १८२ए(४) आलं. त्यात मालकाला प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे नीट वाचा, वर ज्या गाड्यांची वर्णनं आली त्यांचा हिशोब त्यावरून लावा.

काचा: पुढची-मागची किमान ७० टक्के, बाजूच्या किमान ५० टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या हव्यात. काळ्या फिल्मबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २७ एप्रिल २०१२चा. व्हीआयपी गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७पासून गेला, तरी ग्रिलमागे लाल-निळे लुकलुकणारे दिवे लावून फिरणारे आहेत. बंपरवरचे लोखंडी गार्ड: डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना कारवाईचं पत्र पाठवलं. त्यामागे तांत्रिक कारण आहे. गाडीचं पुढचं टोक ठरावीक पद्धतीने चुरगळावं म्हणून बनवलेलं असतं आणि एअरबॅगचा सेन्सर त्या हिशोबाने धक्का ओळखतो. चासीला थेट बोल्ट केलेला गार्ड तो धक्का वेगळ्याच वाटेने आत नेतो. पायी चालणाऱ्याला तर तो पाइप थेट हाडावर बसतो.

नंबर प्लेट: ४१४१चं 'दादा', २१४चं 'राम', ८०५५चं 'बॉस'. आकड्याला वळण देऊन अक्षर केलं की ती प्लेट नियमात बसत नाही, नंबर पैसे भरून घेतलेला असला तरी. १ एप्रिल २०१९पासूनच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) कंपनीकडूनच येते, जुन्यांनाही ती लावावी लागते. कारची प्लेट ५०० × १२० किंवा ३४० × २०० मिलिमीटर. तिच्यावर ॲक्रिलिकची काळी फ्रेम किंवा काच बसवू नका. स्नॅप लॉक तोडून ती काढूही नका.

आणि रंग बदलणार असाल, रॅपने का होईना, तर आधी पेठ रोडच्या आरटीओत अर्ज. प्रमाणपत्रावर पांढरी आणि रस्त्यावर जांभळी अशी गाडी अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर उभी करणं सोपं नसतं.

पत्र्याचा_माणूस

डिकीवरच्या मोठ्या पंखाबद्दल राहिलं. पंखाने पडणारा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. गंगापूर रोडच्या ३०-४०च्या वेगात तो जवळपास शून्य. त्यात ओढ पुढच्या चाकांना आणि वजन मागच्या डिकीवर. बसवताना पाऊण मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याला चार भोकं पाडतात, मागे वॉशर-प्लेट देत नाहीत. डिकी आपटताना पंख हलतो, भोकाभोवती रंगाला तडे जातात, पाणी आत उतरतं आणि डिकीच्या खालच्या कडेला साठतं. तिथे निचऱ्याची छोटी भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली असली की गंज आतून सुरू. डिकीचे गॅस रॉडही मूळ वजनासाठीच असतात, त्यामुळे सामान काढताना डिकी डोक्यावर येते.

क्रोमची माळ चढवलेल्या गाड्या, दाराच्या हँडलवर, आरशावर, टेललाइटभोवती, पेट्रोलच्या झाकणावर, त्यांचं काढण्याचं तंत्र लिहितो. हेअर ड्रायरने पट्टी सोसवेल इतपत गरम करा. मासे पकडायची नायलॉन दोरी मागून घालून करवतीसारखी ओढा. पेचकस घालून उचकटू नका, क्लिअर कोट उचलला जातो. उरलेला डिंक अंगठ्याने गोळे करत काढा, राहिलेला टार रिमूव्हरने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. पट्टीखालचा रंग भोवतीच्या रंगापेक्षा गडद निघेल, कारण बाकी गाडी उन्हाने फिकी झालेली असते. पॉलिशने फरक कमी होतो, पूर्ण जात नाही. महागड्या जर्मन गाडीचा बिल्ला लावलेल्या हॅचबॅकला हेच तंत्र.

टेललाइटला काळा स्प्रे मारला असेल तर आजच काढा. दुपारच्या उन्हात ब्रेकलाइट दिसत नाही आणि मागचा येऊन धडकतो.

सीटकव्हर_शिवते

आतल्या गोष्टींवर कोणी आलं नाही म्हणून लिहिते. सीटच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग'ची चिठ्ठी असेल तर त्यावर साधं रेक्झिनचं घट्ट कव्हर चढवायचं नाही. एअरबॅग काही मिलिसेकंदांत सीटची शिवण फाडून बाहेर येते, ती शिवण मुद्दाम कच्च्या धाग्याची असते. वरून दुहेरी टाक्याचं जाड कव्हर असलं तर तिची वाट अडते. कव्हर घ्यायचंच तर त्या बाजूला उघडं किंवा फाटणाऱ्या शिवणीचं मागा आणि शिवणाऱ्याला तो धागा दाखवायला लावा. बोटाने जोर दिल्यावर तो उसवला पाहिजे.

फोमचे जाड मॅट कार्पेटवर ठोकून बसवतात. आपल्या पावसात पाणी खाली शिरलं की फोम महिनाभर ओला राहतो. वास, बुरशी, मग फ्लोअरचा गंज, आणि सीटखालच्या कनेक्टरला हिरवा थर. चालकाच्या बाजूला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा. पेडल मॅटच्या कडेला जरासुद्धा घासत असेल तर तो मॅट कापून लहान करा किंवा काढा. एकावर एक दोन मॅट तर अजिबात नाही. स्टिअरिंगवर खड्यांचा बिल्ला चिकटवणाऱ्या ताईंना आणि दादांनाही विनंती, त्या झाकणाखाली एअरबॅग आहे. ती उघडली की बिल्ला तोंडावर येतो.

सिडकोकर_थार

स्नॉर्कल काढलं. आतून बंदच होतं. बार रद्द. पत्रेवाले काका, रस्ट कन्व्हर्टर लावल्यावर किती वेळ थांबायचं? आणि हेच पैसे कशावर घालू?

पत्र्याचा_माणूस

डब्यावर दिलाय तेवढा, पण या हवेत रात्रभर ठेवलेलं बरं. काळपट कोरडा थर आला की वरून प्रायमर. बोटाला चिकटत असेल तर थांबा.

शॉकअप_नाशिकरोड

पैसे आधी टायरच्या मधल्या खाचा बघून ठरवा. खाचेतल्या उंचवट्यापर्यंत रबर आलं असेल, म्हणजे १.६ मिलिमीटर, तर टायर पहिले. ते ठीक असतील तर ब्रेक ऑइल बदला. दोन वर्षं झाली की त्यात ओल शिरलेली असते आणि घाटात तेच उकळतं. मग चारही शॉकअप ओले आहेत का ते हात लावून बघा. त्यानंतर लायटीची मीटरवाली तपासणी, वर रात्रपाळीने लिहिलीय तशीच. पैसे उरले तर दारांच्या आत ब्युटाइलचे डॅम्पिंग शीट लावून घ्या. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून, साधारण निम्म्या भागाला पुरे, रोलरने दाबून, आणि तळाची निचऱ्याची भोकं सोडून.